कर्नलमध्ये हार्डवेअरचे घड्याळ वाचताना वेळ २९९.९६६ सेकंदांनी उडी का मारते?

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार. गेले काही महिने मी स्वतःच्या अभ्यासासाठी एक छोटा ३२ बिटांचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहीत आहे. वेळ मोजण्यासाठी मी एचपीईटी हा टायमर निवडला, कारण त्याचा मुख्य काउंटर ६४ बिटांचा आहे, तो सगळ्या कोअरना एकच दिसतो आणि एका टिकचा कालावधी किती फेम्टोसेकंद आहे हे तो स्वतःच एका रजिस्टरमध्ये सांगतो. माझ्या यंत्रावर तो आकडा ६,९८,४१,२७९ आहे, म्हणजे काउंटर सुमारे १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झने पुढे सरकतो.

चाचणी म्हणून मी एक साधे आवर्तन लिहिले. त्यात घड्याळ सतत वाचायचे, मागची वेळ लक्षात ठेवायची आणि नवी वेळ मागच्या वेळेपेक्षा कमी निघाली तर दोन्ही छापायच्या, एवढेच आहे. बराच वेळ काहीच छापले जात नाही आणि मग अचानक अशी एक ओळ उमटते:

आधीची वेळ ११९९.८६४ सेकंद, नंतरची वेळ ८९९.८९८ सेकंद

म्हणजे घड्याळ एका वाचनापुरते जवळजवळ पाच मिनिटे पुढे जाते आणि लगेच जागेवर येते. मी आधी काउंटरचे खालचे ३२ बिट वाचतो, नंतर वरचे ३२ बिट वाचतो आणि दोन्ही जोडतो. चिपसेटमध्येच दोष आहे अशी माझी जवळपास खात्री झाली होती, परंतु दुसऱ्या एका यंत्रावरही नेमका हाच फरक दिसला. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

घटिकापात्र

चिपसेट निर्दोष आहे. आपण दिलेल्या दोन वेळांची वजाबाकी करून पाहा. फरक २९९.९६६ सेकंद येतो. आता २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६, याला १,४३,१८,१८० ने भागा. तोच आकडा मिळेल. खालचे ३२ बिट पूर्ण भरून पुन्हा शून्यावर यायला नेमका एवढा वेळ लागतो, त्यामुळे ही उडी कुठून आली हे तिच्या लांबीनेच सांगून टाकले आहे.

घडते ते असे. आपण खालचा अर्धा भाग वाचता तेव्हा तो काठोकाठ भरलेला असतो. तो वाचून वरचा अर्धा भाग वाचायला जाईपर्यंत, म्हणजे मायक्रोसेकंदाच्या आसपासच्या अवधीत, खालचा भाग शून्यावर येतो आणि हातचा वरच्या भागात जातो. आपल्या हाती खालचा भाग जुना आणि वरचा नवा येतो, आणि त्यांच्या जोडणीतून तयार होणारी वेळ त्या काउंटरने कधी दाखवलेलीच नसते. क्रम उलटा केला तरी सुटका नाही. फक्त उडी पुढे जाण्याऐवजी मागे जाईल.

उपाय जुना आहे. वरचा भाग वाचावा, मग खालचा वाचावा, मग वरचा पुन्हा वाचावा. वरची दोन्ही वाचने सारखी असतील तर जोडणी विश्वासार्ह. वेगळी असतील तर पहिल्यापासून पुन्हा वाचावे. ३२ बिटांच्या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर वेळेचे रजिस्टर दोन तुकड्यांत मिळते आणि तिथेही हाच प्रघात आहे.

जुनी_चिप

या प्रश्नाचे पूर्वज ८२५४ टायमरमध्ये सापडतात. तो १६ बिटांचा, परंतु त्याचे पोर्ट ८ बिटांचे, त्यामुळे तिथेही दोन घासांत वाचावे लागे. फरक असा की त्या चिपमध्ये लॅच नावाची आज्ञा होती. ती दिली की त्या क्षणीचा आकडा बाजूला गोठवून ठेवला जाई आणि मागे काउंटर चालू असतानाही दोन्ही बाइट निवांत वाचता येत. मात्र दोन बाइटांच्या मध्ये इंटरप्ट आला आणि त्याच्या हँडलरनेही तोच टायमर वाचला, की कोणता बाइट आधीचा आणि कोणता नंतरचा याची अदलाबदल होई. म्हणून वाचनाभोवती इंटरप्ट बंद करून लॉक घेणे भाग असे.

थोडे विषयांतर करतो. त्या टायमरचा वेग ११,९३,१८२ हर्ट्‌झ होता. हा विचित्र आकडा १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झला १२ ने भागल्यावर येतो, आणि १४.३१८१८ हा अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीच्या ३.५७९५४५ मेगाहर्ट्‌झ या रंगसंकेताच्या वारंवारतेचा चौपट आकडा आहे. एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकातील पॉवर मॅनेजमेंट टायमर आजही ३.५७९५४५ मेगाहर्ट्‌झवरच चालतो आणि आपला एचपीईटी १४.३१८१८ वर. दूरचित्रवाणीचा तो स्फटिक संगणकातून गेला, पण त्याचे गुणक-भाजक मागे राहिले.

अर्धविराम

घटिकापात्र यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे वरचा-खालचा-वरचा असा क्रम लावला. तरीही ओळ उमटलीच, फक्त आता उडी उलट दिशेला आहे:

आधीची वेळ ८९९.८९८ सेकंद, नंतरची वेळ ५९९.९३२ सेकंद

दोन वाचनांची तुलना करूनही असे का व्हावे?

दोलक

तुलना खरोखर होते आहे का, ते आधी तपासा. कम्पायलरने तयार केलेला असेंब्ली कोड उघडून पाहा. माझा अंदाज असा की आपण रजिस्टरच्या पत्त्याचा पॉइंटर व्होलाटाइल म्हणून घोषित केलेला नाही. तसे असेल तर कम्पायलरच्या दृष्टीने एकाच पत्त्यावरून दोनदा वाचण्यात काही अर्थ नसतो. मधे कोणी लिहिलेले नाही, मग किंमत बदलेल कशी, असा त्याचा तर्क असतो. तो दुसरे वाचन गाळतो, गाळल्यावर तुलना नेहमीच खरी ठरते, म्हणून तुलनाही गाळतो. उरते ते आधी वरचा आणि मग खालचा भाग असे साधे वाचन, आणि आपली नवी ओळ नेमकी त्याच क्रमाची लक्षणे दाखवते आहे.

जाता जाता हेही पाहा की तो पत्ता पेज टेबलमध्ये कॅश न होणारा म्हणून नोंदवलेला आहे. नाहीतर कधीतरी काउंटर एकाच आकड्यावर थिजलेला दिसेल आणि आणखी एक धागा काढावा लागेल.

अर्धविराम

अंदाज अचूक होता. असेंब्लीमध्ये वाचनाच्या सूचना तीनऐवजी दोनच होत्या आणि पुन्हा मागे जाण्याची उडी कुठेच नव्हती. व्होलाटाइल लावल्यावर त्या उड्या थांबल्या.

आनंदाने चाचणी रात्रभर चालू ठेवली. सकाळी पाहतो तर पडद्यावर एक ओळ होतीच. चाचणी सुरू झाल्यापासून ५ तास ७ मिनिटे झाल्यावर वेळ थेट शून्याजवळ आली आणि तिथून पुन्हा नीट पुढे चालू लागली. ६४ बिटांचा काउंटर एवढ्यात भरणे शक्य नाही, हे मला कळते. वेळ काढताना मी काउंटरच्या आकड्याला फेम्टोसेकंदांच्या आकड्याने गुणतो आणि मग दहा लाखांनी भागून नॅनोसेकंद मिळवतो.

घटिकापात्र

काउंटर भरला नाही, आपला गुणाकार भरला. त्या गुणाकाराचे उत्तर फेम्टोसेकंदांत असते, आणि ६४ बिटांत मावतील तेवढे फेम्टोसेकंद म्हणजे अवघे १८,४४६.७४४ सेकंद, म्हणजेच ५ तास, ७ मिनिटे आणि सुमारे २७ सेकंद. भागाकार नंतर होणार असला तरी त्याआधीच वरचे बिट सांडून गेलेले असतात.

आधी भागून मग गुणावे असा मोह होईल, परंतु तो टाळावा. ६,९८,४१,२७९ ला दहा लाखांनी पूर्णांकात भागले की ६९ उरतात, दशांशातले ०.८४ नाहीसे होतात आणि घड्याळ दर तासाला सुमारे ४३ सेकंद मागे पडते. दशांश अपूर्णांकांचे गणितही कर्नलमध्ये सहसा करत नाहीत, कारण त्यासाठी चालू प्रोसेसचे फ्लोटिंग पॉइंट रजिस्टर जपून ठेवावे लागतात.

रुळलेली पद्धत अशी. नॅनोसेकंद म्हणजे टिक गुणिले एक ठरावीक गुणक, आणि मग उत्तर काही बिटांनी उजवीकडे सरकवणे. आपल्या काउंटरसाठी २४ बिट सरकवायचे ठरवले तर गुणक सुमारे १,१७,१७,४२,२२० येतो. तो ३२ बिटांत मावतो, आणि गुणक पूर्णांकात बसवताना होणारी चूक सेकंदाला एक नॅनोसेकंदापेक्षाही कमी राहते. भागाकार नाही, अपूर्णांक नाही.

पण इथेही गुणाकार ६४ बिटांतच करायचा आहे आणि आता तो आणखी लवकर, सुमारे १,०९९ सेकंदांत भरतो. म्हणून यंत्र सुरू झाल्यापासूनचे सगळे टिक कधीच गुणू नयेत. मागच्या नोंदीच्या वेळचा काउंटर आणि तेव्हाचे नॅनोसेकंद साठवून ठेवावेत, फक्त त्यानंतरच्या फरकाला गुणावे, आणि ही नोंद वेळोवेळी पुढे सरकवत राहावी.

ही चूक नवशिक्यांपुरती नाही, याची साक्ष म्हणून सांगतो. लिनक्सच्या एक्स८६ वरील शेड्यूलर घड्याळात टिकांचे नॅनोसेकंद करताना १० बिट सरकवत असत, त्यामुळे गुणाकार २ चा ५४ वा घात एवढ्या नॅनोसेकंदांना भरत असे. हा काळ २०८ दिवसांहून थोडा जास्त होतो. सात महिने अखंड चाललेल्या सर्व्हरवरच दिसणारा हा दोष प्रयोगशाळेत सापडणार तरी कसा?

सावकाश

एवढा खटाटोप करण्यापेक्षा टीएससी, म्हणजे टाइम स्टॅम्प काउंटर, का वापरत नाही? पेंटियमपासून, म्हणजे १९९३ पासून, प्रोसेसरमध्येच ६४ बिटांचा काउंटर आहे. एक सूचना दिली की दोन रजिस्टरमध्ये पूर्ण आकडा येतो आणि तोही एकाच क्षणीचा, त्यामुळे अर्ध्या-अर्ध्या वाचनाचा प्रश्नच उरत नाही. एचपीईटी वाचणे म्हणजे प्रोसेसरच्या बाहेर चिपसेटपर्यंत फेरी मारणे. त्याला शेकडो नॅनोसेकंदांपासून मायक्रोसेकंदाहून अधिक वेळ लागतो. टीएससी काही दहा सायकलांत हाती येतो. ज्या घड्याळाचे वाचनच त्याच्या दहा-वीस टिकांइतके लांबते, त्याच्या सूक्ष्मतेला काय अर्थ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोलक

सावकाश यांच्या मताशी बराचसा सहमत आहे, परंतु टीएससीवर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याची उलटतपासणी घ्यावी लागते.

जुन्या प्रोसेसरांवर तो कोअरच्या चालू वेगाने धावत असे. वीज वाचवण्यासाठी वेग कमी केला की सेकंदच लांब होई, आणि खोल झोपेत तर काउंटर थांबूनच जाई. वेग बदलला तरी एकाच गतीने चालतो आणि झोपेतही थांबत नाही, अशी हमी असलेल्या टीएससीची खूण सीपीयूआयडीच्या (प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सूचनेच्या) एका बिटाने कळते. तो बिट नसेल तर टीएससीला कर्नलचे मुख्य घड्याळ करू नये.

दुसरी गोष्ट वाचनाच्या क्रमाची. ती सूचना आधीच्या सूचना पूर्ण होण्याची वाट पाहत नाही, त्यामुळे प्रोसेसर तिला मागे-पुढे करू शकतो. लॉक मिळाल्यानंतरची म्हणून घेतलेली वेळ प्रत्यक्षात लॉक मिळण्यापूर्वीची असू शकते. म्हणून तिच्याआधी एलफेन्स ही आधीच्या सूचना पूर्ण होईपर्यंत थांबवणारी सूचना लावतात. आर्म प्रोसेसरवर त्याच कारणासाठी काउंटर वाचण्यापूर्वी आयएसबी ही सूचना देतात. या कुंपणाची किंमत काही सायकल इतकी असते. ती वाचवण्याच्या नादात कारणाआधी कार्य घडल्याच्या नोंदी मिळतात.

तिसरी गोष्ट, टीएससी प्रत्येक कोअरचा स्वतंत्र आहे. दोन कोअरच्या आकड्यांत थोडा जरी फरक असला तरी एका कोअरवरून दुसऱ्यावर गेलेल्या प्रोसेसला काळ मागे गेलेला दिसतो. लिनक्स दुसरा कोअर चालू करताना याची चाचणी घेते. दोन कोअर आळीपाळीने एकच लॉक घेतात, आपला टीएससी वाचतात, दुसऱ्याने नुकत्याच लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहतात आणि स्वतःचा आकडा लिहून लॉक सोडतात. एकदाही आकडा मागचा निघाला तर टीएससी बाद.

चौथी गोष्ट म्हणजे वेग. एचपीईटी आपला वेग स्वतः सांगतो. टीएससीचा वेग काही नव्या प्रोसेसरांवर सीपीयूआयडीमधून मिळतो, बाकीच्यांवर दुसऱ्या टायमरशी तुलना करून मोजावा लागतो. १० मिलिसेकंदांच्या मोजणीत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तर ती दहा लाखांत १०० भाग एवढी होते, म्हणजे दिवसाला ८.६४ सेकंद. मोजणीच्या नेमक्या मधे फर्मवेअरचा सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट आला तर कर्नलला त्याचा पत्ताही लागत नाही आणि चूक कितीतरी मोठी होते. म्हणून मोजणी अनेकदा करतात आणि बिघडलेली उत्तरे टाकून देतात.

एवढे सगळे तपासूनही लिनक्स अनेक यंत्रांवर त्याच्यावर पाळत ठेवते. दर अर्ध्या सेकंदाला एचपीईटी किंवा एसीपीआय टायमरशी ताडून पाहते आणि ताळमेळ सुटला की टीएससी अस्थिर असल्याचा संदेश लिहून दुसऱ्या घड्याळाकडे वळते. संशयिताला कामावर ठेवून मागे पहारेकरी नेमण्याचा हा प्रकार आहे. अर्थात नव्या यंत्रांवर पहारेकरीच कधीकधी चुकीचा ठरतो.

जुनी_चिप

पहारेकऱ्याबद्दल एक पुरवणी. पीआयआयएक्स४ या चिपसेटमधील एसीपीआय टायमर वाचताना कधीकधी आकडा बदलत असतानाच पकडला जाई आणि अर्धवट बिट हाती येत. त्यासाठी लिनक्समध्ये तो लागोपाठ तीनदा वाचून आकडे चढत्या क्रमाने आहेत की नाहीत हे पाहणारी वाट ठेवलेली आहे. फ्रीस्केलच्या काही आर्म चिपवरील काउंटरच्या दोषावरही उपाय असाच आहे: लागोपाठची दोन वाचने सारखी येईपर्यंत वाचत राहायचे. थोडक्यात, एका वाचनात काम भागेल असे हार्डवेअर मिळणे हे भाग्य समजावे.

अर्धविराम

इतक्या सविस्तर प्रतिसादांसाठी सर्वांचा ऋणी आहे. माझी यंत्रे जुनी असून दोन्हींवर टीएससीच्या हमीचा तो बिट नाही, म्हणून सध्या एचपीईटीवरच राहतो. घटिकापात्र यांनी सांगितलेली नोंद आता टायमर इंटरप्टमध्ये पुढे सरकवतो. परंतु नोंदीत दोन आकडे आहेत, जुना काउंटर आणि जुने नॅनोसेकंद. एक कोअर ते बदलत असताना दुसऱ्याने वाचले तर पुन्हा अर्धे जुने आणि अर्धे नवे, हीच कथा. प्रत्येक वाचनाला लॉक घ्यावे काय?

घटिकापात्र

लॉक घेऊ नये; वेळ विचारणारे हजारो असतात आणि बदलणारा एकच. आपण ओळखलेत तसा हा तोच पहिला प्रश्न आहे, फक्त एक मजला वर. म्हणून उत्तरही त्याच घडणीचे आहे. नोंदीसोबत एक क्रमांक ठेवावा. बदलणाऱ्याने सुरुवातीला तो एकने वाढवून विषम करावा, काम संपल्यावर पुन्हा एकने वाढवून सम करावा. वाचणाऱ्याने आधी क्रमांक पाहावा, विषम असल्यास थांबावे, मग नोंद आणि काउंटर वाचून क्रमांक पुन्हा पाहावा. बदललेला असेल तर हाती आलेले सगळे टाकून पुन्हा वाचावे. क्रमांक आणि नोंद यांच्या वाचनांचा क्रम बदलू नये म्हणून मधे योग्य ते मेमरी बॅरिअर हवेत. काउंटरचे वाचन या दोन तपासण्यांच्या आतच हवे, हे विसरू नये.

फ्रीबीएसडीमध्ये पौल-हेनिंग काम्प यांच्या टाइमकाउंटरची रचनाही याच कुळातील आहे, पण तिथे नोंदींच्या अनेक प्रती फिरत्या ठेवतात आणि प्रत्येक प्रतीवर पिढीचा क्रमांक असतो. आभासी यंत्रांना केव्हीएम जे घड्याळ पुरवते त्याच्या पानावरही असाच क्रमांक आहे.

एका जागी मात्र ही युक्ती फसते. बदलणारा मध्यावर असताना त्याच कोअरवर न अडवता येणारा इंटरप्ट आला आणि त्याने वेळ विचारली, तर तो क्रमांक सम होण्याची वाट पाहत राहील, आणि क्रमांक सम करणारा तर त्याच्याच खाली अडकलेला असेल. त्यासाठी लिनक्समध्ये नोंदीच्या दोन प्रती असलेला वेगळा मार्ग आहे. एक प्रत बदलत असताना वाचणारे दुसरी वाचतात, त्यामुळे कोणी अडत नाही. त्या बदल्यात तिथली वेळ क्वचित किंचित मागे गेलेली दिसू शकते. अशा इंटरप्टमध्ये केवळ नोंदी छापण्यासाठी वेळ हवी असेल तर हा सौदा मला वाजवी वाटतो.

अर्धविराम

क्रमांकाची पद्धत लावली. चाचणी चारही कोअरवर पाच तासांच्या पुढे शांतपणे गेली. आता वरचे ३२ बिट वाचणेही सोडून दिले आहे. फरकच हवा असल्याने खालच्या ३२ बिटांची चिन्हरहित वजाबाकी पुरते; काउंटर मधे शून्यावर आला तरी उत्तर बरोबर येते आणि तीन वाचनांच्या जागी एकच फेरी पडते. लिनक्सही एचपीईटीचे ३२ बिटच वापरते, हे नंतर लक्षात आले.

मात्र काल एक नवीन गंमत झाली. काम नसताना टायमर इंटरप्ट बंद ठेवण्याची सोय कर्नलमध्ये घातली आणि यंत्र दहा मिनिटांच्या एका टायमरच्या भरवशावर झोपवले. जागे झाल्यावर घड्याळात फक्त सुमारे ३०० सेकंद वाढले होते. हरवलेला वेळ ५९९.९३२ सेकंदांच्या जवळचा नसून २९९.९६६ चाच होता.

दोलक

झोपेत खालचे ३२ बिट एकदा भरून गेले, दुसऱ्यांदा भरायला अगदी थोडे उरले असताना यंत्र जागे झाले असणार. ३२ बिटांच्या फरकातून किती पूर्ण फेऱ्या झाल्या हे कळायला मार्ग नसतो. ६०० सेकंदांनंतर जाग आली असती तर दोन फेऱ्या हरवून घड्याळात जेमतेम ६८ मिलिसेकंद वाढलेले दिसले असते. आपल्याकडे एकच फेरी हरवली, त्याअर्थी यंत्र ठरलेल्या वेळेच्या किंचित आधी जागे झाले. नेमके कधी, ते टायमर कसा लावला आहे त्यात शोधा.

उपाय असा की नोंद पुढे सरकवल्याशिवाय सलग किती झोपता येईल याची कमाल मर्यादा घड्याळानेच शेड्यूलरला सांगावी. आपल्याकडे दोन मर्यादा आहेत: काउंटर भरण्याची २९९.९६६ सेकंदांची आणि गुणाकार भरण्याची सुमारे १,०९९ सेकंदांची. त्यांतली लहान घ्यावी आणि जागे व्हायला उशीर होऊ शकतो हे धरून तीही निम्मी करावी.

अर्धविराम

मर्यादा १५० सेकंदांवर ठेवली. दहा मिनिटांच्या झोपेत यंत्र आता मधे तीनदा उठते, नोंद पुढे सरकवते आणि पुन्हा झोपते; एकही फेरी हरवलेली नाही. लवकर जाग येण्याचे कारणही मिळाले. टायमरसाठी मिलिसेकंदांचे टिक करताना मी हर्ट्‌झला हजाराने भागून पूर्णांक घेतला होता, म्हणजे १४,३१८.१८ च्या जागी १४,३१८. तेवढ्याने दहा मिनिटांत साडेसात मिलिसेकंदांची तूट पडते. पण ५९९.९३२ च्या आधी जाग यायला तूट ६८ मिलिसेकंदांहून जास्त हवी, तेव्हा उरलेली कुठे गळते ते आज रात्री पाहतो.